मागच्या चाकांवरचं वजन

आमच्या घरात गाडी बायको चालवते. मलाही येते, परवाना आहे, पण मी चालवायला बसलो की ती डावीकडे बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत राहते, आणि दोघांचाही प्रवास खराब होतो. ती गाडी शिकली महागावकडे, वडिलांच्या शेतात, ट्रॅक्टरवर. नांगरटीत सरळ रेघ धरायची सवय लागलेला माणूस वळणावरही नेमकी रेघ धरतो, असं माझं तिच्याकडे पाहून झालेलं मत आहे.

ती शिक्षिका आहे. शाळा बंजाऱ्यांच्या तांड्यावर, आमच्या घाटंजीहून पांढरकवड्याच्या रस्त्यानं गेलं की आत वळून. तिथली पहिलीतली मुलं घरून गोरबोली बोलत येतात. ही सुरुवातीला त्यांच्यासारखीच गोंधळली होती, मग त्यांची बोली शिकली. आता मुलं तिला आणि ती मुलांना काय म्हणतात ते मला अर्धंच कळतं. माझी नोकरी त्याच रस्त्यावर, गावाबाहेर पडताच लागणाऱ्या एका जिनिंगमध्ये. आमच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून मी तिथल्याच एका सोबत्याच्या दुचाकीवर जातो-येतो. मी काटा आणि हिशेब पाहतो. कापसाची गाडी भरलेली तोलायची, खाली झाल्यावर रिकामी तोलायची, दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. इतकी वर्षं हेच केल्यामुळे मला प्रत्येक वस्तू दोनदा मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

मागच्या वर्षी तिच्या कमरेनं त्रास द्यायला सुरुवात केली. यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी दबली होती. ते म्हणाले, "मॅडम, धक्के बंद करा. खड्ड्यांचं मी म्हणत नाही, ते कोणाला चुकले? पण गाडी खाली आपटते ना, ते बंद करा." नाही जमलं तर रोजचा प्रवास सोडायचा. आजारपणाच्या कारणावरून गावातली शाळा मागता येते, हेही त्यांनीच सुचवलं. दिवाळीनंतर पुन्हा दाखवायचं ठरलं.

परत येताना ती म्हणाली, "मी गेली तर तिथं नवीन बाई येईल. ते लेकरं पह्यल्या दिवशी बोलतीन, अन् तिले वाटन हे रडून राह्यले."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. कंबर वाचवून तांडा कसा ठेवायचा.

उपाय मी काढला, आणि त्यात माझी थोडी हौसही होती हे लपवत नाही. मोबाइलवर शर्यतीच्या गाड्यांचे व्हिडिओ पाहायचा मला नाद आहे. त्या गाड्या दगडधोंड्यांवरून उडतात आणि खाली येताना मांजरासारख्या टेकतात. ते सगळं सस्पेन्शनचं काम. आमच्या गाडीचे शॉकअप संपलेच होते. मिस्त्री म्हणाला कंपनीचेच टाकू. मी म्हटलं, नाही, बाहेरचे टाकायचे, उंची आणि कडकपणा दोन्ही बदलता येणारे. नागपूरहून सेट मागवला. पुढची स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली, मागची वेगळी, तिच्याखाली उंची कमी-जास्त करायची आटे असलेली बैठक, आणि प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर एक छोटा खटका. उजवीकडे फिरवला की टक्-टक् करत कडक, डावीकडे नरम. एकूण चोवीस क्लिक.

मिस्त्रीनं तो सेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "साहेब, शर्यतीत उतरून राह्यले का वहिनी?"

"शाळेत जाते ती."

"मंग शाळेचं पोट्टं पळून राह्यलं असन, त्याले धराले पाह्यजे."

बसवायला त्याचा एक दिवस गेला. पुढचं काम माझं. घरामागच्या शेडमध्ये गाडी उभी केली, दोन्ही बाजूंनी मासे पकडायची दोरी ताणून चाकं एका रेघेत आणली. जिनिंगच्या काट्यावर आधी फक्त पुढची चाकं घेतली, मग मागची, मग सगळी गाडी. त्यातही मी काळजी घेतली. चालवणार ती, म्हणून काट्यावर सीटवर तिलाच बसवलं. माझं वजन एक्क्याऐंशी, तिचं अठ्ठावन्न. मी बसलो असतो तर हिशेब तिथंच चुकला असता. तिच्यासकट गाडी नऊशे पंचवीस किलो भरली, त्यातले मागच्या चाकांवर तीनशे साठ. त्या आकड्यावर मी मागची स्प्रिंग निवडली, गाडी दोन बोटं खाली घेतली, खटके बाराव्या क्लिकवर ठेवले. सगळे आकडे शेडच्या खांबावर खडूनं लिहिले.

पहिल्या दिवशी ती शाळेतून आली ती हसतच. रस्त्यात सागाच्या जंगलातून जाणारी चार-पाच वळणं आहेत.

"अहो, हे गाडी आता ऐकते! पह्यले वळणावर सांगा लागे, मंग ती इचार करे. आता मी पाह्यलं की वळली."

"कंबर?"

"कंबर सकाळी काहीच नाई बोलली."

"आणि येताना?"

तिनं पिशवी आत नेऊन ठेवली. मी परत विचारलं तेव्हा म्हणाली, "येतानी रपट्यात आपटली. एकडावच."

रपटा म्हणजे जिनिंगच्या पुढं नाल्यावरचा खोलगट पूल. रस्ता एकदम खाली जातो आणि वर येतो. सकाळी ती त्याच रपट्यातून गेली होती आणि आपटली नव्हती. मला हे पटेना. गाडी तीच, रस्ता तोच, खड्डा तोच.

मी मागच्या दोन्ही शॉकअपच्या दांड्यांना प्लास्टिकची बारीक पट्टी बांधली, वायर बांधायची असते ती. शॉकअप जितका दबेल तितकी पट्टी वर सरकते आणि तिथंच राहते. संध्याकाळी वाकून पाहिलं की दिवसभरात जास्तीत जास्त किती दबलं ते कळतं. वरच्या टोकाला रबर असतं. पट्टी रबराला टेकली म्हणजे गाडी आपटली. सकाळच्या प्रवासानंतर ती शाळेत पोचून मला फोटो पाठवायची. पट्टी आणि रबर यांच्यात तीस मिलिमीटर जागा. संध्याकाळी घरी आल्यावर मी पाहायचो, तर पट्टी रबरात रुतलेली. रोज नाही, पण बहुतेक वेळा. आणि आठवड्यातल्या एका संध्याकाळी तर इतकी की पट्टी तुटलेली सापडायची.

मी कारणं शोधू लागलो. दुपारभर गाडी शाळेपुढं उन्हात असते, शॉकअपचं तेल पातळ होत असेल. मग तिला गाडी कडुनिंबाखाली लावायला सांगितली. फरक नाही. टायरमधली हवा तापून बदलत असेल. तीही मोजली. फरक नाही. उरलं एकच कारण, आणि ते मी जेवताना बोलून दाखवलं.

"येताना जोरात चालवतेस का तू?"

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "काय म्हन्लं?"

"सकाळी उशीर नसतो. संध्याकाळी घरी यायची घाई असते. माणूस आहे."

"मी काय इमान उडवून राह्यली का? कमर माही आहे. दुखते मले. अन् मीच आपटीन?"

"मग गाडी का आपटते?"

"ते तुम्ही पाहा. तुम्हीच तं दोऱ्या लावून बसले होते."

दोन दिवस आमचं बोलणं मीठ आणि पाणी यांच्यापुरतंच राहिलं. तिसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतली, एसटीनं तांड्याच्या फाट्यावर उतरून शाळेत गेलो, आणि येताना तिच्या शेजारी बसलो. तिनं नेहमीसारखी गाडी चालवली. फाट्याजवळ काही बाया उभ्या होत्या, त्यांनी हात वर केला, मला पाहिलं आणि हात खाली घेतला. एक म्हणाली, "जाऊ द्या बाई, साहेब हायेत." मी मान हलवून नमस्कार केला. जंगलातली वळणं छान गेली. रपट्यात मी डोळे मिटून कान दिले. काही नाही. घरी पट्टी पाहिली, वीस मिलिमीटर जागा शिल्लक.

"पाह्यलं?" ती म्हणाली.

"पाहिलं. म्हणजे मी नसताना तू जोरात चालवतेस."

यानंतर मीठ-पाणीही बंद झालं.

खुलासा झाला तो जिनिंगच्या फाटकात. हंगाम सुरू झाला होता, कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि कोण आधी आला यावरून दोघांची बाचाबाची चालली होती. मी एरवी आत, काट्याच्या खोलीत असतो, तिथून रस्ता दिसत नाही. त्या संध्याकाळी भांडण मिटवायला बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. समोरून आमची पांढरी गाडी येताना दिसली. पुढचं तोंड आभाळाकडे, मागचं बूड रस्त्याला लागायच्या बेतात. रपट्यात ती उतरली आणि 'धप्प' असा आवाज आला, तो मला फाटकात ऐकू आला.

मी हात केला. गाडी थांबली. बायकोच्या शेजारी एक आजीबाई, मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं. मागं तिघी, त्यांच्या मांडीवर दोन पोरं. डिकी दोरीनं बांधलेली, कारण आतल्या कोहळ्यांमुळं ती लागत नव्हती.

मी गाडीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"हे रोज?"

"रोज इतके नाई. बाजाराच्या आदल्या दिवशी इतके. एरवी दोघं-तिघं." तिला प्रश्नच कळला नव्हता. "दुपारच्या एसटीनंतर काय आहे त्यांयले? पायी येतीन का भाजी घेऊन?"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं का? तुम्ही गाडीचं वजन इचारलं, माहं वजन इचारलं. रस्त्यावरच्या बाईले जागा दिली, हे काय सांगाची गोष्ट आहे?"

खरंच नव्हती. माझ्या आईनंही बैलगाडीत जागा दिलेल्या कोणाची गोष्ट घरी येऊन सांगितल्याचं मला आठवत नाही. मी काट्यावर अर्धा किलोसाठी व्यापाऱ्याशी वाद घालणारा माणूस, आणि दर संध्याकाळी माझ्याच गाडीत बसणारी माणसं माझ्या हिशेबात नव्हती. आणि ज्या एका दिवशी मी तपासायला गेलो, त्या दिवशी त्या बाया माझ्यामुळंच बसल्या नव्हत्या.

मला हसू आलं. तिला आधी राग आला आणि मग तिलाही आलं.

आता नेमकं वजन पाहिजे होतं. काटा समोर होता. मी म्हटलं, "मावशी, एक-एक जण उतरून काट्यावर उभ्या राहा, दोन मिनिटांचं काम आहे."

मागच्या तिघींनी पदर तोंडाला लावला. आजीबाई म्हणाल्या, "कायले? आमी का कापूस हाओ?"

"गाडीसाठी पाहिजे. बाईंची कंबर दुखते, गाडी आपटते म्हणून."

हे ऐकून तिघींनी तोंडावरचे पदर काढले. बायकोच्या कमरेचं त्यांना माहीत नव्हतं. तिनं तेही सांगितलं नव्हतं. आजीबाईंनी तिच्याकडे वळून गोरबोलीत काहीतरी झापलं, ते मला शब्दानं नाही पण सुरावरून कळलं. मग त्या मला म्हणाल्या, "एकटीचं नाई देनार. हे मागची आहे ना, हिचं वजन समजलं तं हिचा नवरा उद्या हिले ज्वारी कमी देईन."

मागून खिदळण्याचा आवाज आला.

"मग कसं करायचं?"

"कापसाचं कसं करता? भरली गाडी घ्या. मंग रिकामी. कोनाचं किती ते कोनाले समजत नाई."

तसंच केलं. पाचही जणी आणि पोरं-गाठोड्यांसकट गाडी काट्यावर चढवली. रांगेतले शेतकरी आपलं भांडण विसरून बघायला आले. बाराशे पंचवीस. म्हणजे बायकोसह रिकाम्या गाडीपेक्षा तीनशे किलो जास्त. मग फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. पाचशे नव्वद. मी तीनशे साठच्या हिशेबानं स्प्रिंग बसवली होती.

"कडता किती कापसान?" आजीबाईंनी विचारलं. कापसाच्या ओलाव्यापोटी व्यापारी वजनातून जे कापून घेतात, तो कडता.

रांगेतला एक जण ओरडला, "मेथी ओली दिसून राह्यली, पाच किलो कापा!"

"तुह्या जिभेचं कापतील आधी," आजीबाई म्हणाल्या, आणि बायकोनं गिअर टाकला.

त्या रविवारी मी शेडमधल्या खांबावरचे आकडे पुसले. मागची स्प्रिंग बदलून जाड घेतली. गाडी दोन बोटं खाली घेतली होती ती पुन्हा वर, आणखी एक बोट वर. मिस्त्री म्हणाला, "शर्यत रद्द झाली का, साहेब?" मी म्हटलं, "शर्यत आहेच. गाडीत माणसं वाढलीत." खटके भरल्या गाडीसाठी अठराव्या क्लिकवर. पण आता उलटी अडचण आली. संध्याकाळी पट्टी रबरापासून दूर राहू लागली, आणि सकाळी रिकामी गाडी दगडासारखी उडू लागली. ती शाळेत पोचून फोन करायची. "मागचं नाचून राह्यलं." खटका डिकी उघडली की हाताला येतो, म्हणून सकाळी सहा क्लिक नरम करून पाहिलं. "नाचणं कमी झालं, पण उड्या आहेतच." तिचे हे शब्द मी आता क्लिकमध्ये मांडायला शिकलो होतो. 'नाचते' म्हणजे खटका कडक. 'डुलते' म्हणजे नरम. पण 'उडी मारते' याला क्लिक नव्हते. ती स्प्रिंगची गोष्ट होती. जाड स्प्रिंगला वजन लागतं आणि सकाळी गाडीत वजन नव्हतं.

मी वाळूची पोती ठेवायचा विचार केला. बायको म्हणाली, "वाळू कोनाच्या कामाची? पाणी न्या." शाळेच्या बोअरचं पाणी खारट आहे, मुलं ते नाइलाजानं पितात. घरी आमच्याकडे फिल्टरचं पाणी येतं. मला हे आवडलं, एक लिटर म्हणजे एक किलो, पाण्याला काटा लागत नाही. वीस लिटरचे चार कॅन, ऐंशी किलो. सकाळी मागच्या चाकांवर चारशे चाळीस, संध्याकाळी पाचशे नव्वद. या दोन आकड्यांच्या मधे स्प्रिंग बसवता येत होती. एक पायरी पातळ स्प्रिंग आणली, बैठकीचे आटे पुन्हा फिरवले, सकाळी दहावा क्लिक, संध्याकाळी सोळावा. कॅन मी चढवतो, तिला हात लावू देत नाही. शाळेत उतरवायला तांड्यावरच्या बाया येतात. "वजन आलं का?" असं त्या विचारतात, असं कळलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांना दाखवायच्या आधीच्या शेवटच्या बाजाराचा आदला दिवस. मी जिनिंगमधूनच तिच्यासोबत घरी जावं असं ठरलं होतं, पण सकाळीच तिनं फोनवर सांगितलं की आज आजीबाईंची सूनही आहे, माहेरी जाणार, गाडी भरली. "तुमच्या हिशेबात आज तुम्ही बसत नाही."

"एक्क्याऐंशी किलोनं काय होतं?"

"तुम्हीच तं सांगता काय होते ते."

मग मी संध्याकाळी फाटकात उभा राहिलो. रांग होतीच. दूरून गाडी दिसली. या वेळी तोंड आभाळाकडे नव्हतं. गाडी मागं थोडी बसली होती, पण सरळ होती. तिनं रपट्याआधी वेग कमी केला, फार नाही, आणि गाडी खाली उतरली. मी कान दिले. मागची चाकं तळाशी पोचली, गाडीचं बूड खोल गेलं आणि तसंच, एकाच दमात, वर आलं. आवाज आला तो फक्त आतल्या हसण्याचा. काचेतून आजीबाईंनी हात हलवला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, तिची नजर रस्त्यावर होती. फक्त एक बोट उचललं, आणि गाडी गावाकडे गेली.

मी सोबत्याच्या दुचाकीवरून घरी पोचलो. ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती, पाठ भिंतीला टेकलेली. मी वाकून पट्टी पाहिली. रबरापर्यंत बारा मिलिमीटर जागा होती.

"काय म्हणते कंबर?"

"काही नाई." तिनं एक शेंग माझ्या हातात दिली. "डॉक्टरले सांगा, बदलीचं नाव काढू नका म्हणा. अन् उद्या पाच कॅन भरा. लेकरं वाढले."

मी खडू घेऊन शेडमध्ये गेलो, कारण पाच कॅन म्हणजे सकाळी मागच्या चाकांवर चारशे साठ होणार होते, आणि खटका एक क्लिक पुढं न्यावा लागणार होता.